पाणबुडीच्या छंदिष्टांसाठी दिवाळीच्या भेटी : कामाच्या नोंदी

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

यंदाच्या दिवाळीत तिघांना द्यायच्या भेटी विकत न आणता वर्कशॉपमध्येच तयार करायच्या असे ठरवले आहे. तिघांनाही पाणबुड्यांच्या प्रतिकृतींचा नाद आहे, पण तो एका जातीचा नाही. नाशिकची ताई रिमोटवर चालणारी आणि खरोखर बुडी मारणारी पाणबुडी बांधते आहे, आमच्या सोसायटीतले गोदीतून निवृत्त झालेले काका काचेच्या पेटीत ठेवायच्या स्थिर प्रतिकृती करतात, आणि ताईच्या मुलाचे वय अजून बादलीत जे जाईल ते बुडवून पाहण्याचे आहे.

दुकानातला तयार संच देणे सर्वांत सोपे होते. रेव्हेल कंपनीचा १/७२ प्रमाणातला ‘टाइप सात-सी’ या जर्मन पाणबुडीचा संच जगभरचे लोक घेतात. मूळ पाणबुडी ६७.१ मीटर लांब असल्यामुळे तो जोडल्यावर साधारण ९३ सेंटिमीटर भरतो, आणि त्यात यंत्रणा बसवून तो पाण्याखाली चालवणारेही पुष्कळ आहेत. परंतु ज्याला हा छंद लागला आहे त्याच्याकडे पाणबुडी आधीच असते, बहुधा अर्धवट अवस्थेत, आणि तिच्या शेजारी दुसरी आणून ठेवली की अर्धवट कामे दोन होतात. शिवाय परदेशातून मागवलेले पार्सल कस्टममधून केव्हा आणि किती पैसे भरून सुटेल याचा भरवसा नसल्याने मुहूर्ताच्या भेटीसाठी तो मार्ग बादच केला. पाणबुडीवाल्याला खरी गरज असते ती आतल्या कोरडेपणाची आणि पाण्यातल्या तोलाची, म्हणून भेटी त्या दोन गोष्टींच्याच आसपास असाव्यात.

७ सप्टेंबर २०२५, रविवार

काल अनंत चतुर्दशी झाली, त्यामुळे आज वेळ मिळाला. ताईला भेटीचा सुगावा लागू न देता तिच्या कामाची चौकशी केली. ती माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या स्कॉर्पिन जातीच्या ‘खांदेरी’ची प्रतिकृती करते आहे. मूळ पाणबुडी २०१९ च्या सप्टेंबरात नौदलात दाखल झाली. तिची लांबी ६७.५ मीटर, रुंदी ६.२ मीटर, पृष्ठभागावरचे विस्थापन (बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन) सुमारे १,६१५ टन आणि पाण्याखालचे सुमारे १,७७५ टन आहे. १/७२ प्रमाणात लांबी ९४ सेंटिमीटरच्या आत येते आणि रुंदी ८६ मिलिमीटर, म्हणजे आत बसवायची जलरोधक नळी जेमतेम ७० मिलिमीटर बाहेरव्यासाची घेता येते. वजन मात्र ७२ च्या घनाने भागावे लागते, त्यामुळे पृष्ठभागावर तरंगताना प्रतिकृतीचे वजन सव्वाचार किलोच्या थोडे वर आणि बुडाल्यावर पावणेपाच किलो भरते. या दोहोंतला फरक सुमारे ४३० ग्रॅमचा, आणि तेवढेच पाणी तिच्या बॅलास्ट टाकीने आत घेऊन पुन्हा बाहेर टाकले पाहिजे. ताईने त्यासाठी सिरिंजसारखी दट्ट्याची टाकी मधल्या भागात बसवली आहे. पंपापेक्षा ती जड पडते खरी, पण दट्ट्या जिथे थांबवला तिथे थांबतो आणि किती पाणी आत आहे हे नेमके कळते, म्हणून तिची निवड मला पटली.

तिची अडचण वेगळीच आहे. “अरे, अर्धा तास चालवून नळी उघडली की आत दोन-तीन थेंब असतात. पाणी बाहेरून येतंय की आतल्या आतच धरतंय, तेच कळत नाही,” असे ती म्हणाली. भाऊबीजेची ओवाळणी तिथेच ठरली. या प्रश्नाचे उत्तर पाणबुडी तळ्यात न घालता घरच्या टेबलावर देईल असे उपकरण तिला करून द्यायचे.

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

उपकरणाच्या आधी प्रश्नाचा थोडा हिशेब केला. दमट हवा नळीत कोंडली आणि नळी गार पाण्यात गेली की आत दव धरते, हे खरे आहे, आणि पावसाळ्यात पुष्कळ जण त्यालाच गळती समजून चांगली सील काढून फेकतात. पण ३० अंश सेल्सिअसला पूर्ण संपृक्त असलेल्या एक लिटर हवेत पाण्याची वाफ असते केवळ ३० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि २० अंशाला त्यातली १७ मिलिग्रॅम हवेतच टिकते. म्हणजे ताईच्या नळीतल्या सुमारे एक लिटर मोकळ्या हवेतून फार तर १३ मिलिग्रॅम पाणी बाहेर पडेल. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ५० मिलिग्रॅमचा असतो. दवाने नळीची भिंत धुरकट होऊ शकते, तिच्यावर बोट फिरवले तर ओले लागू शकते, परंतु तळाशी दोन-तीन थेंब साचणे दवाच्या आवाक्यातले नाही. कागदावर तरी गळतीच आहे. आता ती कुठे आहे हे शोधायचे.

नेहमीची रीत अशी की नळीत सायकलच्या पंपाने थोडी हवा भरायची, नळी बादलीत बुडवायची आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहायचे. मला ही रीत पाणबुडीसाठी पुरेशी वाटत नाही. पाण्यात दाब बाहेरून आत येतो, तर हवा भरल्यावर तो आतून बाहेर जातो, आणि ऑइल सीलसारखी ओठ असलेली सील एका दिशेचा दाब धरते ती दुसऱ्या दिशेचा धरेलच असे नाही. याउलट, नळीतली थोडी हवा काढून घेतली की बाहेरच्या हवेचा दाब सीलवर पाण्यासारखाच बाहेरून पडतो. एक मीटर खोलीला पाण्याचा दाब ९८ मिलिबार असतो. ताईची पाणबुडी मीटरभराहून खोल जाण्याचे कारण नाही, कारण त्यापुढे आपल्याकडच्या तळ्यांत ती दिसतच नाही. तेवढी निर्वात स्थिती साध्या सिरिंजने मिळते.

पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्यामुळे इथला हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास असतो आणि नाशिकचेही तसेच. एक लिटर हवेतून ५० मिलिलिटरच्या सिरिंजने एकदा ओढले की दाब ४५ मिलिबारने उतरतो, दुसऱ्यांदा ओढले की एकंदर ८८ ने. पाण्याच्या स्तंभात मोजायचे तर हे जवळपास ९० सेंटिमीटर झाले. ‘यू’ आकाराच्या नळीत रंगीत पाणी घालून हा फरक डोळ्यांनी पाहता येतो, त्याला ना बॅटरी लागते ना कॅलिब्रेशन.

२१ सप्टेंबर २०२५, रविवार

मॅनोमीटरची, म्हणजे दाबातला फरक दाखवणाऱ्या ‘यू’ नळीची, पाटी तयार झाली. सव्वा मीटर उंचीची सागाची पट्टी, तिच्यावर शिवणकामाच्या दोन टेपा आणि त्यांच्या कडेने खाली उतरून वर चढणारी पारदर्शक नळी, इतकाच तिचा पसारा आहे. गवंडी लेव्हल पाहायला वापरतात ती नळी हाताशी होती, पण ती मुद्दाम घेतली नाही. तिचा आतला व्यास आठ मिलिमीटर, आणि तिच्यात पाणी ४५ सेंटिमीटर वर चढले की वीस-बावीस मिलिलिटर हवेची जागा पाणीच व्यापते. पाणबुडीच्या एक लिटरच्या नळीत एवढ्याने वाचन पंधरा-वीस सेंटिमीटरने कमी होते. मत्स्यालयाच्या दुकानात हवेच्या पंपाला लावायची चार मिलिमीटरची नळी मिळते, तिच्यात ही घट पाच सेंटिमीटरवर येते. बारीक नळीत बुडबुडा अडकून बसतो, म्हणून रंगीत पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला.

सिरिंज, पाटी आणि पाणबुडी यांच्या मध्ये मेडिकलच्या दुकानातला ‘थ्री-वे’ बसवला आहे, सलाइनच्या नळीला असतो तोच. एका बाजूला फिरवला की सिरिंज नळीतली हवा ओढते, दुसऱ्या बाजूला फिरवला की ती हवा बाहेर सोडता येते आणि ओढलेली निर्वात स्थिती जागच्या जागी राहते.

खरा पेच तापमानाचा होता. बंद हवा एका अंशाने तापली की तिचा दाब सुमारे तीन मिलिबारने वाढतो आणि पाटीवरचे वाचन तीन सेंटिमीटरने उतरते, अगदी गळती असल्यासारखे. त्यात भर म्हणजे आपल्या अक्षांशावर हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो आणि दुपारी चारपर्यंत काही मिलिबारने उतरतो. सकाळी निर्वात करून दुपारी वाचन घेणाऱ्याला ऊन आणि वायुभार दोघेही एकाच बाजूने फसवतात, आणि चांगल्या नळीलाही तो गळकी ठरवतो.

यावर उपाय असा केला की ‘यू’ नळीचे दुसरे तोंड हवेत उघडे न ठेवता एक लिटरच्या काचेच्या बाटलीला जोडले. हवा ओढताना बाटलीचा कॉक उघडा ठेवायचा, ओढून झाली की बंद करायचा. आता खोली तापली तर बाटलीतली हवाही जवळजवळ तेवढीच तापते, वायुभार उतरला तर त्याचा दोहोंपैकी कशाशीच संबंध उरत नाही, आणि पाटीवर जी हालचाल दिसते ती मुख्यतः गळतीची असते. बाटली काचेचीच हवी, कारण प्लॅस्टिकची बाटली आक्रसते. पाणबुडीची नळी आणि बाटली या दोन्ही गोष्टी टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वर एकच टॉवेल टाकायचा आणि वाचन होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही सूचना पाटीच्या मागे लिहून चिकटवली आहे.

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, दसरा

काल खंडेनवमीला लेथची पूजा झाली, आज यंत्राला सुट्टी असते. मात्र परवाच पितळेचे दोन निपल (नळी जोडायची तोंडे) टर्न करून ठेवले होते, त्यांची नोंद राहिली होती. ताईच्या नळीच्या मागच्या झाकणात पाच मिलिमीटरच्या आट्याचे एक भोक आहे, ज्यातून ती झाकण बसवताना कोंडलेली हवा बाहेर सोडते. निपल त्याच भोकात बसतो, त्यामुळे तिच्या पाणबुडीला नवे भोक पाडावे लागणार नाही. पाणबुडीला भोक पाडायला लावणारी भेट कुणालाही देऊ नये.

सोबत ओ-रिंगांचा, म्हणजे फट बंद करणाऱ्या रबरी कड्यांचा, डबा देतो आहे. नायट्राइल रबराच्याच घेतल्या, कारण सिलिकॉन ग्रीस सिलिकॉनच्या रिंगला फुगवते, नायट्राइलला ते चालते. तीन मिलिमीटर जाडीच्या रिंगसाठी खाच साधारण २.३ ते २.४ मिलिमीटर खोल आणि चार मिलिमीटरच्या आसपास रुंद ठेवली की रिंग पाचव्या हिश्श्याइतकी दबते आणि तिला बाजूला पसरायला जागा राहते. डब्यात आट्यांवर घालायचे लॉकटाइट मुद्दाम ठेवले नाही. ताईची नळी पॉलिकार्बोनेटची आहे आणि त्या जातीच्या द्रवाने पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात.

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

काकांची भेट आज पूर्ण झाली. ते फॉक्सट्रॉट जातीची पाणबुडी करत आहेत, म्हणजे ८ डिसेंबर १९६७ रोजी दाखल झालेली आपली पहिली ‘कलवरी’ ज्या जातीची होती ती. त्या तारखेला नौदलात पाणबुडी दिन पाळतात, त्यामुळे काकांनी स्वतःला दिलेली मुदतही तीच आहे. त्याच जातीची ‘कुरसुरा’ विशाखापट्टणमच्या रामकृष्ण किनाऱ्यावर २००२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे, आणि जिला हात लावून पाहता येते अशी पाणबुडी आपल्या देशात असणे हे प्रतिकृती करणाऱ्याचे मोठे भाग्य म्हटले पाहिजे. तिथे जाऊन आलेल्या एका नातेवाइकाकडून मागच्या तीन पंख्यांची, सुकाणूची आणि कडेने ओळीने असलेल्या पाणी शिरायच्या झरोक्यांची छायाचित्रे मिळवली व मोठ्या कागदावर छापून घेतली.

दुसरी वस्तू म्हणजे ०.३ ते ०.८ मिलिमीटरचे ड्रिल आणि ते हाताने फिरवायचा पिन व्हाइस. ९१.३ मीटरची पाणबुडी १/३५० प्रमाणात २६ सेंटिमीटरची होते आणि तिच्या कडेचे झरोके नुसते काळ्या रंगाने रंगवले की रंगवल्यासारखेच दिसतात. ते आरपार उघडले की सगळा नूर पालटतो. काकांची नजर अजून पक्की आहे, पण हात थोडा कापतो, म्हणून पिन व्हाइसची मूठ मी जाड लाकडाची करून दिली.

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

ताईच्या खोक्यात आणखी दोन वस्तू गेल्या. पहिली तोलाच्या वजनांची पेटी. टायरच्या दुकानात चाक बॅलन्स करायला पाच आणि दहा ग्रॅमच्या चिकट पट्ट्या मिळतात, त्या पाणबुडीच्या तळाला हव्या तिथे लावून पाहायला अतिशय सोयीच्या असतात. शिशाच्या निवडल्या, कारण लोखंडी पट्ट्या गंजतात. मात्र हाताळल्यावर हात धुवावेत अशी चिठ्ठी आत आहे, घरात मूल आहे. शिशाचे दहा ग्रॅम बाहेर लावले तर पाण्यात ते नऊच्या थोडेच वर भरतात, आणि तेवढ्यासाठी पेटीच्या झाकणावर छोटा तक्ता लिहिला आहे. बरोबर बंद पेशींच्या फोमचे तुकडे आहेत. वजन खाली आणि फोम वर, असा क्रम ठेवला की पाण्याखाली पाणबुडी कुशीवर वळत नाही. बुडालेल्या पाणबुडीला पृष्ठभागाचा आधार नसतो, तिचा गुरुत्वमध्य उत्प्लावन केंद्राच्या खाली असणे एवढ्यावरच तिचे सरळ राहणे अवलंबून असते.

दुसरी वस्तू माझ्याकडचा जुना २७ मेगाहर्ट्झचा रेडिओ संच, क्रिस्टलच्या (लहरीची वारंवारता ठरवणाऱ्या सुट्या भागांच्या) जोडीसह. हल्ली सगळे संच २.४ गिगाहर्ट्झचे येतात आणि विमानांना ते उत्तम आहेत, परंतु ती लहर पाण्यात काही सेंटिमीटरनंतर संपते. गोड्या पाण्यात २७ मेगाहर्ट्झ मीटरभर खोलीवर आरामात पोचते आणि या पट्ट्याला आपल्याकडे कमी शक्तीच्या संचांसाठी परवाना लागत नाही. समुद्रात मात्र यानेही काम होत नाही, खारे पाणी ती लहर वीतभरात गिळून टाकते; म्हणून ‘खांदेरी’ नाव असलेल्या पाणबुडीलाही खांदेरी किल्ल्याजवळ, थळच्या समुद्रात नेण्याचा ताईचा विचार तिने सोडावा, असे संचाच्या खोक्यात लिहून ठेवले आहे.

१८ ऑक्टोबर २०२५, शनिवार, धनत्रयोदशी

भाच्याची भेट तासाभरात झाली. दोन लिटरची पारदर्शक बाटली, काचेचे ड्रॉपर, तांब्याची तार आणि लहान-मोठ्या सिरिंजा. बाटली दाबली की ड्रॉपर बुडतो, सोडली की वर येतो, आणि आईच्या पाणबुडीतला दट्ट्या नेमके काय करतो हे त्याला न सांगता कळते.

काकांना त्यांची भेट आजच दिली. त्यांनी छायाचित्रांवर भिंग धरले ते फराळाचे ताट पुढे येईपर्यंत खाली ठेवले नाही.

२३ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, भाऊबीज

नाशिक. ओवाळून झाल्यावर ताईने खोके उघडले आणि पाटीकडे पाहून पहिला प्रश्न विचारला तो बाटलीचा. ती पॉलिटेक्निकमध्ये भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे मला फारसे सांगावे लागले नाही. जेवणानंतर नळी जोडली. दोनदा ओढल्यावर वाचन ८४ सेंटिमीटर आले, अपेक्षित होते त्याच्या जवळच. अर्ध्या तासाने ते ७८ होते.

सहा सेंटिमीटर म्हणजे सुमारे सहा मिलिबार, म्हणजे एक लिटरच्या जागेत अंदाजे सहा मिलिलिटर हवा आत आली. ताईने तिथेच पुढचा हिशेब मांडला. बारीक फटीतून पाणी हवेपेक्षा सुमारे पन्नासपट हळू शिरते, कारण त्याची विष्यंदिता (वाहण्याला होणारा आतला विरोध) तेवढी अधिक आहे. म्हणजे तेवढ्याच दाबाखाली त्याच फटीतून अर्ध्या तासात पाणी येईल ०.१२ मिलिलिटरच्या आसपास, आणि ते झाले दोन ते तीन थेंब. तिला नळीत सापडत होते तेवढेच. हा मेळ मलाही अपेक्षित नव्हता इतका नेमका बसला.

मग जागा शोधली. निर्वात चाचणीत साबणाचे फुगे उपयोगाचे नाहीत, कारण हवा आत जाते. त्याऐवजी सिलिकॉन ग्रीसचा जाड थर एका वेळी एकाच सीलवर बाहेरून द्यायचा आणि वाचन स्थिर होते का ते पाहायचे. मोटरच्या दांड्यावर दिला, उतार तसाच राहिला. पुढच्या झाकणावर दिला, तरी तसाच. मागच्या आडव्या पंखांना हलवणारी सळई जिथून बाहेर पडते तिथे दिला आणि पाटीवरचे पाणी सरकायचे थांबले. सळई दोन मिलिमीटरची आहे आणि ओ-रिंगमधून मागे-पुढे सरकते. भिंगाखाली तिच्यावर एक लांब ओरखडा दिसला, बहुधा पक्कडीचा. ताईला वाटत होते की मोटरचे सील गेले आहे, आणि तिने ते नवे मागवूनही ठेवले होते.

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

ताईचा फोन आला. सळई बदलून स्टेनलेसची घातली आणि तिच्यावर घडीचे रबरी आवरण चढवले, जेणेकरून सरकणारे सीलच उरू नये. आवरणामुळे सर्व्होवर (पंख हलवणाऱ्या छोट्या मोटरवर) थोडा ताण येतो, पण पंख पुरते वळतात. रात्री घेतलेले वाचन: सुरुवातीला ८५, तासाभराने ८४.५. अर्धा सेंटिमीटर नळीच्या जोडांतला असावा. तिने आता पाणबुडी काढून नुसत्या पाटीला बूच लावून तेही तपासायला घेतले आहे. नोव्हेंबरात सोसायटीच्या तरणतलावात, २७ मेगाहर्ट्झवर, बुडी मारायची आहे, आणि त्याआधी पुढच्या बाजूला ३० ग्रॅम वजन हवे असे टबातल्या चाचणीत निघाले. पेटीतल्या पट्ट्या तेवढ्याला पुरतात. क्रिस्टलची आणखी एक जोडी तिने मागितली आहे, ती शोधून या आठवड्यात पाठवायची.